माझ्या तोंडी अक्का

वाणी स्वच्छ आहे, असं माझ्याबद्दल लोक म्हणतात. दुसरं फारसं काही म्हणत नाहीत. चेहरा साधारण, उंची बेताची, नाचाच्या नावानं शंख, पण वाणी मात्र स्वच्छ. नाटकात होते तेव्हा शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माझा प्रत्येक शब्द सुटा ऐकू जायचा. पुढं सीरियलमध्ये गेले, तर दिग्दर्शक नव्या मुलींना सांगायचे, बाईंकडे बघा, बाई कशा बोलतात ते ऐका. या वाणीवर मी पोट भरलं, सिडकोत घर बांधलं, चार लोकांत मान मिळवला. अगदी परवापर्यंत मला तिचा अभिमानच होता. आता नेमकं काय वाटतं ते मला कुणी विचारू नये, कारण मी गेले कित्येक दिवस स्वतःलाच विचारते आहे.

मी मूळची फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आम्ही दोघी बहिणी. थोरल्या अक्काला फुलंब्रीतच दिली आणि मला शिकायला शहरात ठेवलं. कॉलेजात नाटकाचं वेड लागलं. पहिल्याच तालमीत आमच्या दिग्दर्शकांनी माझं एक वाक्य ऐकलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या तोंडात अजून ढेकळं आहेत." सगळे हसले, मीही हसले. मग त्यांनी मला दातांत आडवी पेन्सिल धरून उतारे वाचायला लावलं. लाळ गळायची, जबडा दुखायचा, पण मी हट्टी. बसमध्ये, खोलीवर, न्हाणीघरात, जिथं जागा मिळेल तिथं वाचायचे. वर्षभरात ढेकळं गेली. ती कुठं गेली, हे विचारायचं तेव्हा मला सुचलं नाही.

पुढं पुणं झालं, मुंबई झाली. नाटकात नायिकेची मैत्रीण, मग नायिकेची बहीण, मग नायिकेची आई, असं आमचं वय वाढत गेलं. मुख्य भूमिका काही वाट्याला आली नाही. मग एका सीरियलमध्ये श्रीमंत घरातली सासू झाले आणि बरीच वर्षं पैठणी नेसून जिन्यावर उभी राहून सुनांना टाकून बोलत राहिले. एक दिवस निर्मात्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की सासूबाई आता मुलाकडे अमेरिकेला जातायत. मी समजले. सामान बांधून इकडं, कॉलेज केलं त्या शहरात परत आले. इथं माझं बरं चाललं आहे. शाळांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते, दीपप्रज्वलन करते, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं घेते आणि त्यांचं बोलणं सुधारते. रिक्षावाला आरशातून बघतो आणि म्हणतो, "मॅडम, आप वो गुस्सेवाली सास हो ना?" मी स्पष्ट उच्चारांत हो म्हणते.

अशात एका सिनेमाचा फोन आला. दिग्दर्शक माझ्या निम्म्या वयाचा, वैजापूरकडचा. म्हणाला, करमाडच्या बाजूच्या एका बाईची गोष्ट आहे. मुलगा शेंद्र्याला कंपनीत लागला, शहरात राहायला गेला. ती मागं एकटीच शेत बघते. तो दर रविवारी येतो, पण दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. मग म्हणाला, "मॅडम, मुख्य भूमिका आहे."

इतक्या वर्षांत हा शब्द मला कुणी लावला नव्हता. फोन ठेवला आणि मी उगाचच ओट्यावरची भांडी जागेवर लावत बसले. या वयात मुख्य भूमिका एकदाच दाराशी येते, आणि ही गेली की मग शिबिरं आणि दीपप्रज्वलन, हे मला स्वच्छ दिसत होतं. शिवाय बाई करमाडची. म्हणजे आमच्याच शिवारातली म्हणायची. मला यात अवघड काय असणार?

स्क्रीन टेस्टला गेले. कॅमेरा सुरू झाला, मी पहिलं वाक्य बोलले आणि तिथं बसलेले सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले. दिग्दर्शक पोरगा सज्जन होता. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं आणि मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण हे कुठलं गाव?"

मला असा संताप आला! मी फुलंब्रीची, आणि हा मला गाव विचारतो. पण घरी येऊन फोनवर स्वतःचं बोलणं ऐकलं, तर त्याचं खरंच होतं. मी 'काय गं बया' म्हणत होते, 'जी जी' करत होते. सीरियलमध्ये गावाकडची मोलकरीण आली की जे बोलते, तेच. ते गाव नकाशावर कुठंच नाही. ते टाळून पुन्हा बोलून बघितलं, तर जिन्यावरची सासू बोलायला लागली. या दोघींच्या मध्ये तिसरी कुणी सापडेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात. पण हा आड तर माझा स्वतःचा होता. लहानपणी मी आईशी भांडले असेन, शेळीला हाका मारल्या असतील, त्या कुठल्या आवाजात? एकही वाक्य आठवेना. चेहरे आठवत, वास आठवत, आईचा चिडलेला हात आठवे, आणि आवाज मात्र बंद.

दिग्दर्शकानं आणखी एक संधी दिली. म्हणाला, पुढच्या आठवड्यात या, स्क्रिप्ट नको, तुमच्या मनानं बोला. मग मी बोली शोधत फिरायला लागले. भाजीबाजारात मुद्दाम खेड्यातून आलेल्या बायांपुढं जाऊन उभी राहिले. दुरून त्यांचं एकमेकींशी झकास चाललेलं असायचं, आणि मी जवळ गेले की लगेच, "घ्या ना मॅडम, ताजी आहे मेथी." पीठगिरणीत तेच. बसस्टँडवर बाकड्यावर जाऊन बसले, तर शेजारच्या बाईनं मला ओळखलं, पदर सावरला आणि माझ्यासारखं बोलायला लागली. मी जाईन तिथं माझ्याआधी माझी वाणी जाऊन पोचत होती. शेवटी म्हटलं, आपली माणसं कशाला आहेत, आणि फुलंब्रीला अक्काकडे गेले.

दार उघडून अक्का म्हणाली, "ये, ये. प्रवास व्यवस्थित झाला ना? बस. मी पाणी आणते."

मी तशीच उभी राहिले. अक्का माझ्याशी कायम असंच बोलते, आणि ते माझ्या कधी कानावरच आलं नव्हतं. म्हणजे कानावर येत होतं, पण माझ्याशी सगळेच असं बोलतात. घरात सून आहे, दाजी आहेत, शेतावर अद्रक आहे, मका आहे, येणारी-जाणारी माणसं आहेत. ही सगळ्यांशी दिवसभर असं थोडंच बोलत असेल?

चहा झाल्यावर मी सरळच विषय काढला. सिनेमाचं सांगितलं, मुख्य भूमिका सांगितली, फजितीही सांगितली. अक्काला कोण आनंद झाला. "तू नक्की करशील," म्हणाली.

"अक्का, मग आपलं बोल ना माझ्याशी. घरातल्यासारखं."

"म्हणजे कसं?"

"दाजींशी बोलतेस तसं."

अक्का लाजली. पदराशी चाळा करत तिनं थोडा विचार केला, घसा खाकरला आणि गॅदरिंगमधल्या पोरीसारखी म्हणाली, "काय गं... बरी हायेस का तू?" आम्ही दोघी हसून लोळायच्या बाकी राहिलो. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझ्यापेक्षा वाईट.

ओट्यावरून दाजी म्हणाले, "तिला सांगून नाय यायचं ते. तुमी नसल्या की बोलती."

दुपारी जेवायच्या आधी पाय धुवायला मी मागच्या न्हाणीत गेले. न्हाणीची खिडकी परसात उघडते. परसात अक्का मक्याची कणसं सोलत बसली होती आणि तिची शेजारीण आली. आवाज आला, आणि मी पाण्याचा तांब्या अलगद खाली ठेवला. हात पुसले. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"बस की गं, कव्हर उभी राहतीस," अक्का म्हणत होती. "मही बहीण आलीय ना, आत हाये. लई मोठी झाली ती, अन् मला तिचं लई कौतिक हाये, खोटं कामून बोलू? पन ती आली ना, की महा जीव गोळा व्हतो. सकाळपासून मनात जुळवीत बसते, हे असं म्हनायचं, ते तसं म्हनायचं. तिची सीरेल बघू बघू शिकले म्या तसं बोलायला. भांडे घासता घासता तिच्यामागं म्हनायचे. तरी तिच्याम्होरं जीभ जड पडती बाई. एकांद्या डावी वाटतं, सांगावं तिला, माय गेल्यापासून तुह्याशी म्या खरं असं काई बोललेच नाय. पन ते बी तिच्या भाषेत सांगावं लागंल ना? ते जुळतच नाय मला."

"जाऊ द्या मावशी," शेजारीण म्हणाली. "बहिणीला काय सांगावं लागतंय व्हय?"

काय सुंदर होतं ते! 'कव्हर' म्हणताना सैल सोडलेला आवाज, 'खोटं कामून बोलू'मधला तो हलका झटका, आणि शेवटच्या 'जुळतच नाय'च्या आधी घेतलेला श्वास. तो श्वास तर असा, की मोठ्यामोठ्या नट्यांना साधत नाही. ओल्या पायांनी मी भिंतीला टेकून उभी होते. सापडलं, सापडलं, एवढंच मनात होतं. जेवताना अक्कानं विचारलं, "वरण आणखी घेतेस का?" आणि मी खूप जेवले.

घरी येऊन मी त्या रेकॉर्डिंगचा पिच्छा पुरवला. आमची कामाची एक रीत असते. बोली उचलायची तर आधी अर्थ बाजूला ठेवायचा आणि नुसती चाल धरायची, गाणारे धरतात तशी. कुठं उतरते, कुठं अडते, कुठं श्वास घेते. अर्थाच्या मागं लागलं की आपलं आपण अभिनय करायला लागतो आणि चाल हातची जाते. मी हे मुलांना शिबिरात शिकवते. मी तेच केलं. सकाळी नळाला पाणी आलेलं, टाकी भरून वाहून गेली तरी माझं लक्ष नव्हतं. अक्काच्या मागोमाग म्हणत होते. म्हणता म्हणता जबडा कुठंतरी सैल झाला, आणि मग ती बाई एकदम माझ्या तोंडात येऊन बसली.

टेस्टच्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "तुमचा मुलगा आत झोपलाय. तुम्ही परसात शेजारणीशी बोलताय. काय बोलाल?" मी बसले, कणसं सोलल्यासारखे हात हलवले आणि बोलले. बहिणीच्या जागी लेक घातला, माय होती तिथं बाप घातला, सीरियल होती तिथं मोबाइल. बाकी सगळं अक्काचं, जसंच्या तसं. श्वासासकट. बोलून झालं. पोरगा चष्मा काढून पुसत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, आता शोध संपला."

शब्दांचा अर्थ मला कळत नव्हता, असं नाही. कळत होता, पण त्या करमाडच्या बाईचा म्हणून कळत होता. ती लेकाबद्दल बोलते आहे, तिचा जीव गोळा होतो, बिचारी. हे वाक्य कुणी कुणाबद्दल म्हटलं होतं, ते मी कुठं ठेवलं होतं? मला खरंच सांगता येत नाही. विसरले म्हणावं तर रेकॉर्डिंग मी तोंडपाठ होईपर्यंत ऐकलं होतं.

दिग्दर्शकानं मला टेस्टचा व्हिडिओ पाठवला. मी पेढे घेतले आणि फुलंब्रीला गेले, कारण ही बातमी पहिल्यांदा अक्काला द्यायची असं मी ठरवलंच होतं. सुनेनं हौसेनं व्हिडिओ टीव्हीवर लावला. दाजी आत आले. शेजारीण पेढा हातात धरून दाराशीच बसली. टीव्हीवर मी कणसं सोलायला लागले, "बस की गं, कव्हर उभी राहतीस" म्हणाले, आणि घरात एकच हशा पिकला.

"अय्या मावशी, हुबेहूब आमच्या आत्याबाई!" सून सासूकडं बघून टाळ्या वाजवत म्हणाली.

"आवाज सुदिक तसाच," दाजी म्हणाले.

अक्काही हसत होती. तोंडाला पदर लावून, लाजून हसत होती. आधी शेजारणीचं हसू थांबलं. तिनं अक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पेढा हळूच ताटलीत परत ठेवला. टीव्हीवर मी म्हणत होते, सकाळपासून मनात जुळवीत बसते. अक्काचा पदर तोंडावर तसाच राहिला, पण वरचे डोळे हसायचे थांबले. टीव्हीवर मी श्वास घेतला आणि म्हणाले, जुळतच नाय मला. दाजींनी 'वा!' म्हटलं. मला तेव्हा कळलं. खरं सांगते, तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"छान केलंस," अक्का म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले. ती चहाचं आधण ठेवत होती, पाठमोरी. माफी मागावी, तर कशाची? मी तिची थट्टा केली नव्हती, उलट इतकं मनापासून मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. आणि बोली तर माझीही होती ना, माझ्या आईची होती. मग मी उचललं ते काय? मी म्हणाले, "अक्का, मी न्हाणीत होते. कानावर पडलं. मला नको होतं..." वाक्य पुरं होईना. माझं! जिच्या वाणीवर मुलं तयार होतात तिचं.

अक्का वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मनात वाक्य जुळवलं, मला ते जुळवताना दिसत होतं, आणि सावकाश म्हणाली, "मी इतकी वर्षं तुझ्यासारखं बोलायला शिकत होते. तुला माझं आवडत नसेल असं वाटायचं. आता तू माझ्यासारखी बोललीस आणि तुला एवढी मोठी भूमिका मिळाली. मग मी आता तुझ्याशी कसं बोलू, ते सांग."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. मी शिक्षिका असल्यासारखी ती माझ्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिली. आधण उकळून वर आलं, तिनं गॅस बारीक केला, साखर टाकली, पत्ती टाकली. मी म्हणू शकले असते, कसंही बोल. पण कसंही बोल म्हणजे नेमकं कसं? मी तिला कसं उत्तर देणार होते, कुठल्या आवाजात? आम्ही चहा प्यायलो. ती मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिनं नुसता हात हलवला.

त्यानंतर फोन केला की सून उचलते. आत्याबाई देवळात गेल्यात, आत्याबाई झोपल्यात. मला कळतं, सुनेलाही कळतं की मला कळतं. काही वेळा वाटतं, सिनेमा सोडून द्यावा. मग वाटतं, सोडून तरी तिचं काय परत जाणार आहे? आणि सोडवतही नाही. खोटं कशाला बोलू? शूटिंग आता आठवड्यावर आलं आहे. दिग्दर्शक खूश आहे. म्हणतो, मॅडम, त्या टेस्टमधलं सगळं बोलणं मी सिनेमात जसंच्या तसं घेतलंय.

काल हे अक्काला सांगायचं म्हणून पुन्हा फोन लावला. सिनेमात घेऊ देऊ की नको, ते तिनंच सांगावं, ती नको म्हणाली तर मी नको म्हणेन, असं अगदी ठरवून लावला. सुनेनं उचलला. फोन बाजूला धरून ती म्हणाली, "आत्याबाई, मावशी हायेत. काय सांगू?"

मागून अक्काचा आवाज आला. मला ऐकू जाईल याची काही फिकीर न करता, मोकळा.

"सांग तिला, म्या रानात गेलेय म्हनावं."

"मावशी," सून म्हणाली, "आत्याबाई शेतात गेल्यात."

मी बरं म्हणाले. तिनं फोन ठेवला, मी तसाच कानाला धरून उभी राहिले. 'रानात'च्या आधी ती किंचित थांबली होती आणि 'गेलेय' थकल्यासारखं खाली सोडलं होतं. आणि मग माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. ते वाक्य मी तिच्यामागून म्हणते आहे.